पहिल्या आंघोळीचा मान

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळचा सोलापूरचा असून वस्त्रोद्योगाचे शिक्षण पूर्ण झाल्यावर टॉवेल विणण्याच्या प्रशिक्षणासाठी वर्षभराकरिता जपानमधील इमाबारी येथे आलो आहे. माझी सोय एका वृद्ध दांपत्याच्या घरी झाली आहे. दोघेही मायाळू आहेत. तरी त्यांच्या पाहुणचाराचे मला दडपण येते. आंघोळीला ते रोज मला आधी पाठवतात. मी त्यानंतर टब रिकामा करून घासून ठेवत असे, पण त्यामुळे दोघांचे चेहरे उतरलेले दिसत. आमच्या घरी शुद्ध शाकाहार आहे. मी मासे खात नाही असे सांगितल्यापासून त्या आजी माशाचे तुकडे वाढत नाहीत. मात्र सूपला तोच वास येतो. नको म्हणायचे तर त्यांचे मन मोडेल, म्हणून निमूटपणे गिळतो. स्वतंत्र खोली घ्यावी काय? शिवाय जानेवारीत ते दोघे सोलापूरला यायचे म्हणतात आणि आई आतापासूनच धास्तावली आहे. — एक वाचक

उत्तर : आपण आंघोळीचा उल्लेख ओझरता केला असला, तरी गैरसमजाचे मूळ मला तेथेच दिसते. जपानी घरातील टबाचे पाणी अंग धुण्यासाठी नसते. टबाबाहेर लहान स्टुलावर बसून साबण लावायचा, अंग स्वच्छ धुवायचे, फेसाचा थेंबही उरला नाही याची खात्री करायची आणि मगच साधारण ४० ते ४२ अंश तापलेल्या पाण्यात शेकत बसायचे, असा तो क्रम आहे. त्याच पाण्यात घरातील सर्व माणसे एकामागून एक बसतात. म्हणून टॉवेल पाण्यात बुडू द्यायचा नाही, केस वर बांधायचे आणि बाहेर येताच ऊब टिकावी म्हणून टबावर झाकण घालायचे. कित्येक घरांत उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी कपडे धुण्यासाठीही वापरतात. पाहुण्याला पहिली पाळी देणे हा मान आहे, कारण त्या वेळी पाणी अगदी नितळ असते. आपण टब रिकामा केलात, तेव्हा त्या दोघांच्या वाट्याचे तापवलेले पाणी मोरीत गेले. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आणि पिंपे भरून ठेवणाऱ्या सोलापूरकराला याचे मर्म अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या गावची रीत वेगळी असल्याने हे ठाऊक नव्हते, एवढे मोकळेपणाने सांगितले की विषय मिटेल.

जेवणाचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, आणि येथे दोष आजींचा नाही तसाच आपलाही नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला दाशी नावाचा अर्क बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांपासून काढतात. मिसोचे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, भाज्यांच्या तेंपुराबरोबरची (जपानी भज्यांबरोबरची) पातळ चटणी, या सर्वांत तो असू शकतो. तेथील पुष्कळ लोकांच्या दृष्टीने मासा म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. तो काढला की आपले पथ्य पाळले गेले, असे आजींना प्रामाणिकपणे वाटत असणार. बाजारातील करीच्या तयार वड्यांतही पुष्कळदा प्राण्यांची चरबी असते, तेव्हा केवळ ‘करी’ या नावावर विसंबू नये.

आपण त्यांना ‘शोजिन’ पद्धतीचे जेवण चालते, असे सांगावे. बौद्ध मठांतील हा शाकाहारी स्वयंपाक वडीलधाऱ्या जपानी माणसांच्या चांगल्या परिचयाचा असतो आणि त्यात दाशी कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीपासून किंवा वाळवलेल्या शिताके अळिंब्यांपासून काढतात. त्या पद्धतीत कांदा-लसूण वर्ज्य असतो. आपल्याला तो चालत असल्यास तेही सांगावे, नाहीतर बिचाऱ्या आजी दुहेरी पथ्य सांभाळत बसतील. मात्र हे बोलणे जेवणाच्या पाटावर करू नये. वाढलेले ताट मागे सारणे आणि आदल्या दिवशी, शक्य तर लिहून, आपले पथ्य कळवणे यांत फार अंतर आहे. पहिल्याने यजमान खजील होतो, दुसऱ्याने त्याला तयारीला अवधी मिळतो. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी आपण पिठले-भात करून वाढावा. तिखटाचा हात मात्र सोलापुरी नसावा.

आपण ज्या शिकोकु बेटावर आहात, तेथे ८८ मंदिरांची यात्रा आहे आणि त्यांतील ५४ ते ५९ क्रमांकांची सहा मंदिरे इमाबारीतच आहेत. या यात्रेकरूंना वाटेवरचे लोक फळे, चहा, खाऊ, कधी पैसेही देतात. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पंगत घालतात, तसाच हा प्रकार. देणाऱ्याला नकार देऊ नये आणि यात्रेकरूने उलट आपल्या नावाची चिठ्ठी द्यावी, असा संकेत आहे. त्या मुलखात वाढलेल्या माणसांना देण्याचे किती अगत्य असते, हे यावरून कळावे. परतफेड मोठी लागत नाही, पण ती दिसावी लागते.

परमुलखात रुळण्याचा विषय निघाला की सोलापूरच्या माणसाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवणारच. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून ते चीनला गेले, चिनी भाषा शिकले आणि १९४१ मध्ये तेथे सेवा केलेले कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. युद्धातील त्यांच्या हालांशी आपल्या अडचणींची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. मात्र भाषेची वाट त्यांनी धरली, ती आपणही धरावी. रोज आजोबांशी अर्धा तास मोडके-तोडके जपानी बोललात, तर निम्मे दडपण आपोआप उतरेल.

स्वतंत्र खोलीची घाई मी करणार नाही. तेथे घर भाड्याने घेताना अनामत रकमेखेरीज घरमालकाला परत न मिळणारी रक्कम अनेकदा द्यावी लागते आणि बहुधा जामीनही मागतात. सर्व स्पष्ट सांगूनही पोटभर जेवण मिळत नसेल, तर मात्र अवश्य निघावे; त्यात कृतघ्नपणा नाही. नवा पत्ता १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंदवायचा असतो.

आईंनी धास्ती घेऊ नये. एकच गोष्ट त्यांना कठीण जाईल, ती म्हणजे आग्रह आवरणे. वाढलेले टाकणे जपानी माणसाच्या जिवावर येते, त्यामुळे आग्रहाने वाढलेली तिसरी भाकरीही ते पाहुणे मुकाट्याने संपवतील आणि रात्री त्रास सोसतील. शेंगांची चटणी वेगळ्या वाटीत दह्याबरोबर द्यावी, पिण्याचे पाणी उकळून गार केलेले असावे आणि बादली-तांब्याने आंघोळ कशी करतात हे आपण आधीच समजावून ठेवावे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक त्यांना जरूर दाखवावी. त्या दिवसांत शहरात फिरणे अवघड होते, म्हणून हुरड्याचा बेत यात्रेची गर्दी ओसरल्यावर आखावा आणि शेतावर बसायला दोन खुर्च्या न्याव्यात.