खेळणी कोपऱ्यात, मूल स्वयंपाकघरात

प्रश्न : मुलगा सव्वा वर्षाचा आहे. घरात टोपलीभर खेळणी आहेत, पण त्याला हवं असतं डब्याचं झाकण, झाडू, नाहीतर टीव्हीचा रिमोट. खेळण्यातला रिमोट दिला की फेकून देतो. आमची खेळण्यांची निवड चुकली का?

निवड चुकलेली नाही, आणि मुलाचंही काही चुकत नाही. या वयाचं मूल दिवसभर मोठ्यांचे हात पाहत असतं. जी वस्तू तुम्ही वारंवार उचलता ती महत्त्वाची, असा त्याचा हिशोब असतो आणि तो बरोबरच आहे. खेळण्यातला रिमोट तुम्ही कधी हातात घेत नाही, त्याने टीव्हीही लागत नाही. हे त्याच्या नजरेतून सुटत नाही.

पाहिलेलं मुलं किती धरून ठेवतात, हे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी १९८८ साली दाखवलं. १४ महिन्यांच्या बाळांसमोर त्यांनी एका पेटीला कपाळ टेकवून दिवा लावला. बाळांना पेटीला हात लावू दिला नाही. आठवड्यानंतर तीच पेटी पुढे ठेवली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश बाळांनी कपाळच टेकवलं.

दुसरं कारण वस्तूतच आहे. स्टीलची वाटी गार लागते, हाताला जड लागते, फरशीवर गरगरते, पालथी घातली की वेगळी वाजते आणि मोठ्या वाटीत चपखल बसते. बटणाच्या खेळण्यात बटण दाबायचं आणि तेच गाणं ऐकायचं, एवढंच उरतं.

नवीन खेळणी आणण्याआधी आहेत ती कमी करून बघा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांची मुलं १६ खेळण्यांपेक्षा ४ खेळण्यांशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. चार-पाच बाहेर ठेवा, बाकीची कपाटात टाका आणि काही आठवड्यांनी अदलाबदल करा.

प्रश्न : मुलगी सतत स्वयंपाकघरातले खण उपसते. तिला तिथे नेमकं काय खेळायला द्यावं?

तिचा म्हणून एक खण ठरवा. सर्वांत खालचा, आणि शेगडीपासून लांबचा. बाकीच्या खणांना कडी लावा. रोज 'नको, नको' म्हणण्यापेक्षा हे सोपं पडतं, कारण तिला जायची जागा कळते. खण बाहेर निसटून पायावर पडणार नाही ना, ते आधी तपासा. उभं कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करा, कारण मुलं उघड्या खणांची पायरी करतात आणि कपाट अंगावर येतं.

खणात आठ-दहाच वस्तू ठेवा : एकात एक बसणाऱ्या तीन-चार वाट्या, झाकणासकट एक डबा, आखूड लाकडी चमचा, मोजायचे कप (कडीतून सोडवलेले), मऊ रुमाल. डब्याचं झाकण नुसतं दाबून बसणारं असू द्या. फिरकीचं झाकण बऱ्याच मुलांना दोन वर्षांच्या आसपास जमू लागतं. त्याआधी दिलं तर चिडचिड होते आणि डबा आपटला जातो.

ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांनी नुकत्याच बसू लागलेल्या बाळांसाठी अशाच रोजच्या वस्तूंची टोपली रूढ केली : सुमारे ३५ सेंटीमीटर व्यासाची, उथळ, दांडी नसलेली. तिच्यात प्लास्टिक नसे, हे मुद्दाम सांगण्यासारखं. लाकूड, धातू, कापड, ब्रश यांत स्पर्शाचे आणि वजनाचे जेवढे फरक मिळतात, तेवढे प्लास्टिकमध्ये मिळत नाहीत.

वस्तू निवडताना आकार बघा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग ३१.७ मिलीमीटर व्यासाच्या नळकांड्यात टाकून तपासतात. आत पूर्ण मावला तर तो भाग घशात अडकू शकतो. घरी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याची रिकामी नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सुरक्षिततेच्या बाजूने होते. स्प्रिंगचे कपड्यांचे चिमटे सुटून तुकडे होतात. तारेच्या गाळणीच्या कडा टोचतात. थर उडालेली नॉनस्टिक भांडी, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या आणि २० सेंटीमीटरहून लांब दोरी हे काहीही त्या खणात नको. चमचा तोंडात धरून चालू देऊ नका. पडलं तर तो टाळूत घुसतो.

प्रश्न : जुना रिमोट, किल्ल्या किंवा बंद पडलेला मोबाइल दिला तर चालेल का?

मोठा जुना रिमोट चालेल, पण सेल काढून आणि सेलचं झाकण स्क्रूने बंद करून. फुटलेला असेल तर देऊ नका. बटण-सेलवाला (नाण्यासारखा चपटा, गोल सेल असलेला) छोटा, चपटा रिमोट मात्र मुलाच्या हाताला लागूच देऊ नका. बटण-सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या ऊतीतून वीज वाहते, तिथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत गंभीर भाजू शकतं. त्यासाठी सेल फुटावा लागत नाही. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका. थेट रुग्णालयात जा आणि एक्स-रे मागा. फ्रिजवरची छोटी लोहचुंबकंही मुलाच्या हाती लागायला नकोत : दोन गिळली तर आतड्याच्या दोन वळशांमधून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पाडतात.

किल्ल्या बहुतेक पितळेच्या असतात आणि पितळेत शिसं असू शकतं, म्हणून त्या चोखायला देऊ नयेत. मोबाइलही नको : आत लिथियमची बॅटरी, वर काच.

प्रश्न : तो तासन्तास झाकणं गरगर फिरवतो. काळजी करावी का?

फिरवणं, भरणं-रिकामं करणं, खाली टाकून बघणं हे या वयाचं नेहमीचं काम आहे. नुसत्या फिरवण्यावरून काही ठरत नाही. नाव घेतल्यावर वळतो का, हवी ती किंवा आवडलेली वस्तू बोटाने दाखवतो का, झाकण फिरलं की तुमच्याकडे बघून हसतो का, ते पाहा. दीड वर्षानंतरही बोट दाखवत नसेल, किंवा आधी येणारे शब्द गेले असतील, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता तपासायला पालकांनी भरायची एक प्रश्नावली असते. डॉक्टर ती देतील.

प्रश्न : हातात येईल ते फेकते. वाट्या दिल्या तर शेजारी तक्रार करतात.

फेकून बघणं थांबवता येत नाही, फेकायची वस्तू बदलता येते. मोज्यांचे गोळे आणि एक मोठी टोपली द्या, टोपली तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. वाट्या जाड सतरंजीवरच काढायच्या, आणि फेकली की शांतपणे उचलून त्या वेळेपुरती बाजूला ठेवायची. रागावून ओरडलात तर तो आवाजही तिला खेळाचाच भाग वाटतो आणि फेकणं वाढतं. पाण्याने खेळायला बसवलंत तर मात्र शेजारून हलू नका. बादलीत चार-पाच सेंटीमीटर पाणी असलं तरी लहान मूल तोंडावर पडून बुडू शकतं, म्हणून खेळ संपला की बादली लगेच पालथी करा.