नाशिकमध्ये राहून स्वतंत्र फिल्ममेकर म्हणून जगता येतं का?

तुम्ही विचारलंय की इंजिनिअरिंग झालंय, घर नाशिकला आहे, स्वतःच्या फिल्म करायच्यात, तर मुंबईला जावंच लागेल का, यात पोट भरतं का आणि घरच्यांना काय सांगायचं. मी इथेच राहून हे काम करतो, बरीच वर्षं झाली, म्हणून जे बघितलंय ते सांगतो.

पोट भरतं, पण फिल्मवर नाही. हे आधीच नीट डोक्यात बसवा म्हणजे पुढचा मनस्ताप वाचेल. माझं घर चालतं सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या एव्हीवर, म्हणजे कंपनीची माहिती देणाऱ्या छोट्या फिल्मवर, एखाद्या वायनरीच्या व्हिडिओवर आणि तुळशीचं लग्न लागलं की सुरू होणाऱ्या लग्नसराईवर. त्यातून जे शिल्लक पडतं ते आणि पावसाळ्यात जो मोकळा वेळ मिळतो तो फिल्मचा. लोक याला तडजोड म्हणतात, मला अजिबात तसं वाटत नाही, कारण घरभाडं आणि हप्ते दुसऱ्या कामातून सुटले की मग कोणी येऊन सांगू शकत नाही की इथे एक गाणं टाका किंवा शेवट जरा गोड करा. शेवटचा कट, म्हणजे फिल्म शेवटी कशी दिसणार हे ठरवणं, कोणाच्या हातात आहे, माझ्या लेखी स्वतंत्र म्हणजे एवढंच.

आणि आपल्याकडे हे नवीन नाही हो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ ला लंडनला गेले, कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन आले, १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला, तो चालला आणि मग त्यांनी बिऱ्हाडच नाशिकला हलवलं. त्यांचं कौतुक करताना लोक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव घाईघाईत घेऊन पुढे जातात ते मला खटकतं. कच्ची फिल्म तेव्हा कडेला छिद्रं नसलेली यायची, ती अंधारात बसून पाडायचं काम त्या करायच्या, डेव्हलपिंगला हात लावायच्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक, आणि अंगावरचे दागिनेही त्यातच गेले. पुढे १९१८ ला भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, पैसा आला आणि त्याच्या मागोमाग वादही आले, इतके की दादासाहेब सगळं सोडून काशीला निघून गेले, तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं आणि नंतर परत त्याच कंपनीत आले. गुंतवणूकदार भेटला की सगळं सुरळीत होईल असं ज्याला वाटतं त्याने हा भाग जरूर वाचावा.

मालेगाव तर आपल्याच जिल्ह्यातलं. शेख नासिर यांचं तिथे व्हिडिओ पार्लर होतं, सिनेमे दाखवता दाखवता ते एडिटिंग शिकले आणि २००० साली साधारण ५०,००० रुपयांत 'मालेगाव के शोले' केला. नट कोण, तर पॉवरलूमवाले, दुकानवाले, ओळखीपाळखीचे. कॅमेरा सायकलवर ठेवून हलता शॉट घ्यायचे, क्रेन म्हणून बैलगाडी. आणि बघायला मालेगावचं पब्लिक होतं, हे महत्त्वाचं, कोणासाठी करतोय ते त्यांना पक्कं माहीत होतं.

आता पैसे कुठे घालायचे. कॅमेऱ्यावर नका घालू, आवाजावर घाला. पिक्चर थोडं खराब असेल तर लोक बघतात, संवाद ऐकू आला नाही की उठून जातात. आम्ही पंचवटीत एका जुन्या वाड्यात आजी आणि नातवाचा सीन करत होतो, सिंक साउंड, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड करायचा. आमचा साउंडवाला आल्याआल्या कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाही, आधी वाडाभर कान देत फिरतो. शेजारची पाण्याची मोटर बंद करायला हातापाया पडला, मग फ्रिज बंद केला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे जाताना किल्ली शोधताना फ्रिज चालू करायची आठवण होईल आणि वाड्यात राहणाऱ्या मावशींचं दूध नासणार नाही. सीन झाल्यावर सगळ्यांना आहे तिथे उभं करून रूम टोन घेतला, म्हणजे त्या खोलीची नुसती शांतता, ती एडिटला दोन संवादांच्या मध्ये भरायला लागते. शूटिंग बघायला आलेली पोरंसुद्धा श्वास धरून उभी. असा माणूस मिळाला तर त्याचे पैसे वेळेवर द्या, स्वतःचे उशिरा घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. थिएटरला लावायची तर सेन्सॉर सर्टिफिकेट लागतं. फ्रेममध्ये बैल, कुत्रा काहीही वापरणार असाल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी, आणि ती शूटिंगच्या आधी काढायची. राज्य सरकारचं मराठी चित्रपटांना अनुदान आहे पण समिती पूर्ण झालेली फिल्म बघून दर्जा ठरवते, म्हणजे आधी खर्च तुमचाच, त्या भरवशावर कर्ज काढू नका. आणि मित्र असला तरी लेखकाशी, संगीतकाराशी साधा करार करून सही घ्या, हक्कांचा घोळ निस्तरेपर्यंत तयार फिल्म कपाटात पडून राहते, असं होताना जवळून बघितलंय.

मुंबईचं म्हणाल तर राहायला जायची गरज मला तरी पडली नाही. आवाजाच्या मिक्सिंगला, पिक्चरचे रंग नीट करायला जावं लागतं, पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जायचं आणि रात्री घरी. ओळखी मात्र घरबसल्या होत नाहीत हेही खरंय, त्यासाठी नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाचा फिल्म बाजार (आता 'वेव्हज फिल्म बाजार') भरतो, जिथे फिल्म करणारे आणि पैसे लावणारे, विकत घेणारे भेटतात, तिथे एकदा जाऊन या, चार दिवसांत जेवढी माणसं भेटतात तेवढी एरवी वर्षात भेटत नाहीत.

घरच्यांना स्वप्न वगैरे सांगू नका, दर महिन्याला बाहेरच्या कामातून किती येतात तो आकडा सांगा, त्यांची काळजी तिथेच असते. आणि पहिल्या शॉर्टफिल्मच्या शूटिंगला वडिलांना घेऊन या, खुर्चीत बसवून ठेवू नका, काम द्या. रस्त्यावरची गर्दी आवरायला वडीलधाऱ्या माणसाइतकं कोणी चालत नाही, लोक त्यांचं ऐकतात.