डाएट न करता, नुसत्या कॅलरी मोजून वजन कमी होतं का? घरच्या जेवणात ते जमतं का?

होतं. माझं झालं. ७८.४ वरून ६६, चौदा महिन्यांत, भात न सोडता. उंची पाच फूट एक इंच, वय तेव्हा सेहेचाळीस.

एवढंच लिहून थांबणार होते. पण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ना, की "घरच्या बाईला काटा घेऊन बसायला वेळ कुठे असतो, त्यापेक्षा भात-साखर बंद केलेली बरी", ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी दहा वर्षं म्हणत होते. आणि मी ते म्हणावं म्हणजे कमालच, कारण माझा धंदाच मोजण्याचा आहे.

नाशिकला माझे जेवणाचे डबे आहेत. रोजचे चाळीस, बहुतेक सातपूर एमआयडीसीत जातात. डब्याला तीन पोळ्या, म्हणजे एकशेवीस पोळ्या, त्याला तीन किलो कणीक. सव्वातीन किलो लागली की मी मदतीच्या मावशींना विचारते, आज पोळ्या जाड लाटल्या का हो? तेल किती पडलं, सिलेंडर किती दिवस पुरलं, सगळं वहीत असतं. चाळीस परक्या माणसांच्या पोटात काय जातं ते मला ग्रॅममध्ये माहीत होतं. स्वतःचं मात्र विचारू नका.

बंद करण्याचे प्रकार मी सगळे करून बसलेय. भात बंद, साखर बंद, बटाटा बंद, संध्याकाळी सातनंतर तोंड बंद. एकदा तर एका ओळखीच्या बाईने पावडरचे डबे गळ्यात मारले, सकाळ-रात्र तेच ढवळून प्यायचं. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले. ते बहुतेक पाणी होतं, हे नंतर कळलं. भात-पोळी एकदम तोडली की शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी जातं. तीन महिन्यांत सहा किलो गेले. मग दिवाळी आली. होळीपर्यंत आठ परत आले.

आता मूळ दुखणं सांगते. माझ्या मोठ्या नणंदबाई दिवसातून दोनदाच जेवतात. त्यांचं नऊ किलो कमी झालं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. एका वर्षी गौरीजेवणाला पंगत बसलेली, मी वाढत होते. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं, एवढी पथ्यं करतेस आणि वजन हलत नाही, म्हणजे कुठेतरी चोरून खात असणार तू." लोक हसले. आमचे हेसुद्धा हसले. मी पुरणपोळी वाढत पुढे गेले. पण तो शब्द असा रुतला की रात्री भांडी घासताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माणूस उपाशी राहतोय आणि वर चोर ठरतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यांच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि ठरवलं की आठ दिवस जे तोंडात जाईल ते लिहायचं. कमी काहीच करायचं नाही. नणंदबाईंच्या तोंडावर वही फेकायची, एवढाच हेतू होता.

साडेपाचला उठते, चहा. तो मोजलेला. पण नंतर स्वयंपाक करताना आणखी दोन कप होतात ते माझ्या हिशेबात कधी नव्हतेच. पिशवीतलं घट्ट दूध आणि दीड-दोन चमचे साखर, कपाला शंभराच्या आसपास. मग पहिली पोळी गरम-गरम, तूप-गूळ लावून, तव्याजवळ उभ्यानेच. तिचे १९०. दाण्याचं कूट करताना भाजलेले दाणे तोंडात टाकायचे, मूठभर, वीस ग्रॅम धरा. शंभर ग्रॅम दाण्यांना साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे इथे ११५. शेवटी भाजीचं पातेलं अर्ध्या पोळीने पुसून खायचं, टाकायचं कसं? ११०. बेरीज सहाशेच्या वर. आणि यानंतर मी 'नाश्ता सोडलाय' म्हणून अभिमानाने एक वाजेपर्यंत उपाशी राहायची!

वही फेकायची राहिली. नणंदबाई निम्म्या बरोबर होत्या. अजून त्यांना हे सांगितलेलं नाही.

माझी मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकते. तिने एक अभ्यास शोधून वाचून दाखवला. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये अशा लोकांना तपासलं होतं, जे म्हणायचे आम्ही बाराशे कॅलरीसुद्धा खात नाही तरी वजन उतरत नाही. त्यांचं शरीर नीटच चाललं होतं. फक्त ते खाल्लेलं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि केलेली हालचाल निम्म्याने वाढवून. लबाड नव्हते बिचारे, त्यांना खरंच तसं वाटत होतं. माणसं होती जेमतेम दहा, हेही पोरीने सांगितलं. पण मला तो दिवस आठवतो, कारण चोर हा शब्द त्या दिवशी थोडा सैल झाला.

तर तुमचा प्रश्न, घरच्या स्वयंपाकात मोजायचं कसं. चारशे-पाचशे रुपयांचा किचनचा काटा घ्या आणि कच्चं मोजा. एक किलो कणकेच्या माझ्या चाळीस पोळ्या होतात, म्हणजे पोळीत पंचवीस ग्रॅम पीठ, ८५ कॅलरी, वर तेल लावलं तर शंभर. तुमच्या किती होतात ते एकदा मोजलं की संपलं, रोज मोजायला नको. भात मी साठ ग्रॅम तांदळाचा घेते, दोनशे दहा. इथे मी आठवडाभर गाढवपणा केला. शिजलेला भात काट्यावर ठेवून त्याला कच्च्या तांदळाचा आकडा लावत होते. एका वेळच्या भाताचे साडेपाचशे आले तेव्हा मी जेवणच सोडून उठले. शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणी असतं, त्याचे शंभर ग्रॅमला १३० धरायचे.

भाकरीचंही ऐका. 'पोळी सोडा, भाकरी खा' म्हणणाऱ्यांनी ज्वारीचं पीठ आणि कणीक एकदा शेजारीशेजारी ठेवावी. शंभर ग्रॅमला दोन्ही सव्वातीनशे-साडेतीनशेच्या आतबाहेर. भाकरीला साठ ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या वर गेली. भाकरी चांगलीच आहे, मला आवडते, पोटही धरते. पण ती फुकट नाही. हे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत मिळतात, आपल्याकडच्या ५२८ पदार्थांचे. त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८४ ने भागावं लागतं. मला हे माहीत नव्हतं. ज्वारीसमोर चौदाशेच्या आसपासचा आकडा बघून मला घाम फुटला होता.

खरी मेख मात्र तेलात आहे, आणि तेल कोणीच मोजत नाही. प्रत्येक घरात 'एक पळी' असते. माझी पळी काट्यावर धरली तर २२ ग्रॅम तेल. दोनशे कॅलरी! फोडणीच्या एका पळीत! मी तासभर तरातरा चालून आले तर बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या तेवढ्याच जळतात. भाज्यांवर आपण उगाच संशय घेतो. कोबी तो बिचारा काय करणार, तो ज्यात पोहतोय ते बघा. सोपा हिशेब सांगते. महिन्याला घरात किती तेल येतं? चार माणसांत पाच लिटर संपत असेल तर माणशी रोजचं ३८ ग्रॅम झालं, म्हणजे ३४० कॅलरी, दाणे-खोबरं-तूप वेगळं. आमच्याकडे आता तीन लिटरच्या आत भागतं. घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही. डब्यांत मी तेल कमी केलं नाही हो, गिऱ्हाईक तर्री बघतं.

मी रोजचे पंधराशे ठरवले होते. त्यात दोन पोळ्या, भात, वरण, भाजी, ताक, संध्याकाळी एक अंडं किंवा मोड आलेले मूग, आणि तव्याजवळची ती तूप-गुळाची पोळी मी ठेवली. रोज. ती हिशेबात धरली म्हणून ठेवता आली. पातेलं पुसणं बंद केलं, उरलेली भाजी मावशी घरी नेतात. सणाला पुरणपोळी दोन, तूप घालून, साडेतीनशेला एक. त्या दिवशी पंधराशेचे दोन हजार झाले तर झाले. पाळीच्या आधी काटा किलो-दीड किलो वर जातो, तेव्हा रडायचं नाही, महिन्याचं महिन्याला बघायचं. मध्ये दोन महिने काहीच हललं नाही. तेव्हा वही उघडली तर चहा पुन्हा चारवर गेलेला.

आता नणंदबाई. त्या पुढच्या आषाढीला आमच्याकडे होत्या. सकाळी म्हणाल्या, "आज माझा कडकडीत उपवास, थोडीशी खिचडी दे फक्त." मला काय अवदसा आठवली, मी त्यांच्या ताटलीतली खिचडी करताना सगळं काट्यावर घेतलं. साबुदाणा कोरडा नव्वद ग्रॅम, कूट पस्तीस, तूप पंधरा, बटाटा पन्नास. ६९० कॅलरी झाल्या. मग दुपारी दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू, रात्री भगर आणि दाण्याची आमटी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' आपण लहानपणापासून म्हणतो, मी फक्त बेरीज मांडली आणि रात्री त्यांना वाचून दाखवली. त्या ताटावरून उठल्या. "देवाच्या उपासात काटा मांडतेस? लाज वाटायला पाहिजे," म्हणाल्या. दोन महिने बोलणं बंद होतं. माझी चूक होती, मान्य. पाहुण्याच्या ताटात डोकावू नये. पण बेरीज बरोबर होती.

आणि दोनदा जेवण्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे की त्यांचं वजन कमी झालं ते मधलं फरसाण आणि चहा-बिस्किटं सुटली म्हणून. घड्याळाने काही केलेलं नाही. ज्याला ते झेपतं त्याने करावं. मला डब्यांच्या वासात दिवसभर उभं राहून झेपत नाही. मुलगी म्हणते की अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ लोकांवर वर्षभर प्रयोग केला, निम्म्यांना तेल-तूप कमी, निम्म्यांना भात-पाव कमी. २०१८ला निकाल आला, एका गटाचं सरासरी ५.३ किलो गेलं, दुसऱ्याचं ६. म्हणजे जवळपास सारखंच. मी खूश झाले, तर लगेच म्हणाली, "आई, पण त्यांना कॅलरी मोजायला सांगितलंच नव्हतं." हल्लीची मुलं!

एक राहिलं, आणि ते खरं तर आधी लिहायला हवं होतं. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, थायरॉइड असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच. आणि घरात वयात आलेली मुलगी असेल तर वही तिच्यासमोर मिरवू नका. माझ्या मुलीची एक मैत्रीण आकडे मोजता मोजता जेवायचीच थांबली होती. तेव्हापासून माझी वही डब्यांच्या कपाटात असते.

अ‍ॅप कोणतं, ते विचारलं होतंत. मी दोन वापरून सोडली. त्यात 'एक वाटी वरण' असं लिहून येतं. कोणाची वाटी? पाणी भरून काट्यावर ठेवली तर माझी वाटी १५० मिलीची निघाली. गेल्या गौरींना नणंदबाईंकडे गेले होते, त्या आत नैवेद्य करत होत्या तेव्हा त्यांचीही मोजून आले. २२० आहे.