टाळ बद्द का वाजतो? भजनी मंडळांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या महिला मंडळात टाळांच्या १२ जोड्या आहेत. घरी सरावाला आवाज छान येतो, पण मंदिरात गजर चढला की चार-पाच टाळ बद्द ऐकू येतात. टाळ खराब निघाले का? (यावल तालुका)

उत्तर : टाळ आधी दोरीला धरून मोकळा लोंबकळू द्या आणि काठावर पेन्सिलीची टिचकी मारा. नाद लांबला तर टाळ ठणठणीत आहे, चूक हाताची आहे. नाद लगेच मेला किंवा त्यात खर्रखर्र आली, तर केसाएवढी चीर गेलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. काठावरून नख फिरवलं की कधीकधी लागते. चिरलेल्या टाळाला झाळ (डाग) देऊन घेऊ नका. भेग बुजते, नाद परत येत नाही. मोडीत घाला.

घरी छान आणि मंदिरात बद्द, यामागे बहुतेक वेळा आवळलेली मूठ असते. लय वाढली की बोटं घट्ट होतात, टाळाची पाठ तळहाताला टेकते आणि धातूचं थरथरणं तिथेच थांबतं. दोरी तर्जनीला एक वेढा देऊन अंगठ्याने दाबा. तळहात आणि टाळ यांच्यात बोटभर पोकळी राहिलीच पाहिजे. दुसरी खोड म्हणजे दोन्ही वाट्या समोरासमोर तंतोतंत आपटणं. मधे हवा कोंडते आणि ‘थप्प’ असा आवाज येतो. एका टाळाचा काठ दुसऱ्याच्या काठापेक्षा करंगळीच्या पेराएवढा सरकवून, किंचित तिरका लावा आणि लागताक्षणी सोडा.

दोरीकडेही बघा. वाटीतली गाठ मोठी असेल तर तीच धातूला टेकून नाद खाते. दोरी सुती घ्या. नायलॉनची घामाने निसटते आणि तिची गाठ आपोआप सुटते. दोन टाळांमध्ये दीड-दोन वीत दोरी मोकळी ठेवा. दोरी वारंवार एकाच जागी तुटत असेल तर छिद्राची कड धारदार आहे. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून आतून फिरवा.

पुढची खरेदी करताना कासं आणि पितळ यांतला फरक समजून घ्या. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ला २२. त्याचा नाद लांबतो, पण फरशीवर पडलं तर तडकतं. पितळात कथलाऐवजी जस्त असतं. पडल्यावर त्याला पोचा येतो, ते तडकत नाही, पण नाद लवकर विझतो. जोडीतले दोन टाळ हुबेहूब एका सुराचे नसावेत. किंचित फरक असला की आवाजाला लहर येते. फरक फार झाला तर मात्र कानाला टोचतं.

प्रश्न : दिंडीत आमचे पुढचे आणि मागचे टाळ कधीच जुळत नाहीत. मागचे आळशी आहेत असं पुढच्यांचं म्हणणं! (मुक्ताईनगर)

उत्तर : मागच्यांना दोष देऊ नका, माउली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दिंडी ३४ मीटर लांब असेल तर पुढचा ठोका मागे पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. जलद गजरात एवढा उशीर स्पष्ट कळतो. मागचा माणूस प्रामाणिकपणे ऐकून वाजवतो, म्हणूनच मागे पडतो. पखवाज दिंडीच्या मध्यावर ठेवा, आणि मागच्या रांगांना कानाने नाही तर डोळ्यांनी लय धरायला लावा. पखवाज दिसत नसेल तर एका उंच माणसाने टाळ डोक्याच्या वर धरून वाजवावा. मुक्ताबाईंच्या पालखीसारखी महिनाभराहून जास्त चाल असेल तर निघण्याआधी पंधरा दिवस चालताचालता सराव करा. बसून केलेला सराव पायांना कळत नाही.

प्रश्न : मे महिन्यात पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावलेली कणीक तासाभरात वाळते आणि त्या बाजूचा सूर चढतो. (भुसावळ)

उत्तर : पारा ४४-४५ला गेल्यावर वाळणारच. पोळीच्या कणकेपेक्षा सैल मळा, मीठ-तेल घालू नका. दोन पोळ्यांच्या उंड्याएवढी पुरते. मधोमध लावून कडेला पातळ करत न्या. दर दोन अभंगांनंतर ओलं बोट फिरवा, मधल्या वेळात वर ओलसर फडकं टाका. वाळून तडे गेले तर वरून नवी थापू नका, सगळी काढून पुन्हा लावा. भजन संपलं की लगेच खरवडा. राहिली तर कातडं कुजतं आणि उंदीर येतात.

उजवी बाजू उन्हाने चढली तर गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या चामडी वेणीवर, खालून वर हलका ठोका द्या, सूर उतरतो. वरून खाली दिला की चढतो. सगळीच पुडी (तोंडावरचं कातडं) चढली किंवा उतरली असेल तेव्हाच गट्ट्यांना, म्हणजे वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांना, हात लावा. आणि पखवाज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उघडा नेऊ नका. शाईचे (पुडीवरच्या काळ्या लेपाचे) पोपडे निघाले की नवी पुडी चढवण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : कापूस वेचणी सुरू झाली की सरावाला निम्म्या बायका येत नाहीत. येतात त्यांची बोटं सोललेली असतात. (चोपडा)

उत्तर : दिवाळीनंतर रोजचा सराव धरूच नका. आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं, जेवणं आटोपल्यावर. नवीन चाली श्रावणातच बसवून ठेवा. वेचणीत फक्त जुन्या घ्या. वाळलेल्या बोंडाची टोकं तर्जनी आणि अंगठ्यालाच लागतात, आणि नेमकी दोरीही तिथेच असते. तेवढे दिवस दोरी मधल्या बोटावर घ्या आणि त्याभोवती मऊ साडीची पट्टी गुंडाळा. पुरुष मंडळींची अडचण वेगळी असते. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की पखवाजवाला पिकाला पाणी (बारे) देण्यात अडकतो. म्हणून ठेका धरणारी दुसरी व्यक्ती तयार ठेवा. ती सूनबाई असली तरी चालेल, चालवून घ्या.

प्रश्न : मोबाइलवर एका चर्चचा घंटावृंद पाहिला. सगळे हातमोजे घालून घंटा वाजवतात. आम्हीही मोजे घालावेत का? (नंदुरबार)

उत्तर : नको. त्या घंटाही काशाच्याच असतात, पण प्रत्येक घंटेचा सूर वेगळा. वाजवणाऱ्याकडे सहसा दोन घंटा, आपला सूर आला की वाजवायची. तीन सप्तकांच्या संचात ३७ घंटा लागतात. नाद थांबवायला घंटा अंगाला टेकवतात, टेबलावरही म्हणून जाड फोम अंथरलेला असतो. मोजे घामाचे डाग पडू नयेत म्हणून. टाळात मोज्यांनी दोरीवरची पकड जाईल. त्याऐवजी भजन झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. हिरवट डाग पडले तर चिंच चोळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडे करा. मीठ वापरलंच तर कणभरही मागे राहू देऊ नका, त्यानेच पुन्हा हिरवं चढतं.

प्रश्न : पत्र्याच्या सभामंडपात भजनानंतर कान वाजतात. (अमळनेर)

उत्तर : पत्रा आवाज परत फेकतो. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) कानाला आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ला एकच तास. सरावाला निम्मेच टाळ घ्या, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. दोन रांगा समोरासमोर बसवू नका. पत्र्याखाली जुन्या गोधड्या ताणून बांधल्या तर गुंजणं बरंच कमी होतं. दुसऱ्या दिवशीही कान वाजत राहिले तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.