मज्जादाता व्हायचंय? आधी घरी बोला

हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मज्जेचा दाता म्हणून नाव नोंदवायला फारसं काही लागत नाही, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही, ही भीती आधी काढा. बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन हाताच्या शिरेतूनच मूळपेशी (मज्जेतल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशी) घेतात. अंग ठणकतं, मग थांबतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- रक्तगट जुळला की झालं, असं समजणं. जुळावं लागतं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा. सख्ख्या भावंडातही ती शक्यता २५ टक्केच. परक्यांत जुळणी बहुधा सारख्या वंशाच्या लोकांत सापडते, म्हणून सगळ्या समाजांतले दाते हवेत.
- घरी न सांगता नाव देणं आणि ऐनवेळी आईच्या रडण्याने माघार घेणं. तोवर रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी नष्ट केलेली असू शकते!

मोबाईल नंबर बदललात तर नोंदणीत कळवा.