इलेक्ट्रोअकूस्टिक संगीत शिकायला जर्मनीला येतोयस? मग हे वाच

पुण्यात जाहिरातींचं साउंड डिझाइन करतोयस, मॅक्स (आवाजाचं प्रोग्रॅमिंग करायचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं आणि इलेक्ट्रोअकूस्टिक संगीतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक साधनांनी रचून स्पीकरवर ऐकवायच्या संगीतात, मास्टर्स केल्यावर जर्मनीत कंपोझर, इंटरॅक्टिव्ह कलाकार म्हणूनच राहायचंय, जमेल का, असं विचारलंयस. जमेल, पण नुसत्या रचनांवर घरभाडं निघत नाही. माझ्या ओळखीतले सगळे थोडं शिकवतात, नाटकांचा साउंड करतात, दुसऱ्या कलाकारांसाठी प्रोग्रॅमिंग करतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम करतात. बार्लोंचंच बघ. क्लॅरेन्स बार्लो 1968 मध्ये कलकत्त्याहून कोलोनला आले, संगणक-संगीतात मोठं नाव झालं, पण तेही पुढे कित्येक वर्षं प्राध्यापकच होते.

पैशाचं थोडक्यात सांगतो. कार्ल्सरूहला, म्हणजे झेडकेएम या कला आणि माध्यम केंद्राच्या गावात, युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो फी आहे, कारण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा तसा नियमच आहे. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत नेहमीच्या मास्टर्सला अशी फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याची, रक्कम 2024 मध्ये वर्षाला 11,904 युरो झाली; अर्ज करताना ताजा आकडा बघून घे.

खरी गोम व्हिसात आहे. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस नोकरी करता येते, विद्यापीठातला हिवी जॉब, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं काम, यात धरत नाहीत. पण एखाद्या महोत्सवाने रचना मागितली आणि तू बिल पाठवलंस, की तो स्वतंत्र व्यवसाय झाला, त्याला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. आपल्या क्षेत्रात पैसे बहुतेक असेच येतात, त्यामुळे परवानगीचा अर्ज पहिल्या कामाच्या आधीच टाक. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, त्यात फ्रीलान्सिंगही चालतं. त्या काळात केएसकेत, म्हणजे कलाकारांच्या सामाजिक विमा निधीत, नाव घाल. आरोग्य आणि पेन्शनचा साधारण अर्धाच हप्ता तुला भरावा लागतो. मात्र निव्वळ तांत्रिक काम तिथे कलेत धरत नाहीत. कंपोझिशनची आणि केबल ओढण्याची बिलं पहिल्यापासून वेगळी ठेव.

पोर्टफोलिओत सगळं स्टीरिओ पाठवू नकोस. झेडकेएमच्या क्लांगडोममध्ये, म्हणजे श्रोत्यांभोवती घुमटासारखे स्पीकर लावलेल्या हॉलमध्ये, 43 स्पीकर आहेत. निवड समितीला बघायचं असतं की तू आवाज जागेत कसा फिरवतोस. आठ चॅनेलची एक तरी रचना हवी. घरी आठ स्पीकर कुठून आणणार? हेडफोनवर बायनॉरल (दोन कानांत आवाजाची दिशा जाणवेल असं) करून तपास, शेवटचं मिक्सिंग एखाद्या संस्थेच्या हॉलमध्ये कर.

इन्स्टॉलेशनचं, म्हणजे गॅलरीत मांडून ठेवायच्या कलाकृतीचं, मात्र नीट ऐक. तू पाठवलेल्या व्हिडिओत प्रेक्षक हात हलवतो आणि आवाज बदलतो, ते छान आहे. पण किनेक्टसारखा, हालचाल टिपणारा इन्फ्रारेडवरचा कॅमेरा खिडकीशेजारी ठेवलास तर ऊन आलं की आंधळा होतो. दुसरं म्हणजे सकाळी गॅलरी उघडणाऱ्या माणसाला तुझा पॅच (मॅक्समधला प्रोग्रॅम) माहीत नसतो. त्याने एक बटण दाबलं की संगणक सुरू व्हावा, पॅच आपोआप उघडावा, साउंड कार्ड सापडलं नाही तर पुन्हा शोधावं आणि रात्री सगळं बंद व्हावं. तीन महिने हे बिनतक्रार चाललं तर पुढचं काम त्याच जागेकडून येतं. हे कोणत्याही कोर्समध्ये शिकवताना मी पाहिलं नाही, म्हणून अर्जाच्या व्हिडिओतही दाखव.

मुलाखतीत कुणीतरी सतार किंवा राग घालायला सुचवेलच. तुला येत असेल तर घाल, नाहीतर अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेचं सांग: 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथे मूग सिंथेसायझरचा (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या वाद्याचा) स्टुडिओ उभा केला होता. इथल्या बऱ्याच प्राध्यापकांना ते ठाऊक नसतं.

आणि जर्मन बी1 या मधल्या पातळीपर्यंत तिकडेच कर, मॅक्सम्युलर भवन गावातच आहे. वर्ग इंग्रजीत होतील, पण हॉलमधला तंत्रज्ञ आणि कार्यालयातली बाई दोघंही जर्मनच बोलतात.