विचारा बिनधास्त : दोन दिवस मुंबई, सोबत पोरं

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस एक रात्र मुंबई दाखवायचं कबूल करून बसलोय. मिस्टरांनी लिस्ट केलीय: गेटवे, एलिफंटा, राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, नेहरू सायन्स सेंटर, हँगिंग गार्डन, जुहू, सिद्धिविनायक. मला वाचूनच दम लागला. होईल का एवढं सगळं?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, नाही होणार. अर्धी नावं आजच खोडा आणि सुरुवात तारापोरवालापासून करा, कोविडपासून ते बंदच आहे, आपण लहानपणी पाहिलेलं म्हणून अजून सगळ्यांच्या लिस्टमध्ये येतं.

मी माझ्या भाच्यांना पहिल्यांदा नेलं तेव्हा एका दिवसात पाच ठिकाणं केली होती. रात्री विचारलं काय आवडलं, तर धाकटा म्हणाला, बस! डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली होती, झाडाच्या फांद्या समोरच्या काचेवर सटासट आपटत होत्या आणि तो दरवेळी डोकं खाली घालून परत वर बघत होता. बाकी दिवसभराचं त्याला काही आठवतच नव्हतं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, एवढ्या लहान मुलांना शहर दाखवायचं ते गाड्या, प्राणी आणि पाणी यांतून, इमारती आपल्याला बघायच्या असतात.

आधी वार बघा. राणीची बाग बुधवारी बंद (बुधवारी सरकारी सुट्टी आली तर उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद, दिवाळीत हे नक्की तपासा). रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, मुलांना घेऊन त्यात अडकू नका. म्हणजे गुरुवार-शुक्रवार किंवा शुक्रवार-शनिवार बरा.

सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरा, सुट्टीत तुडुंब असते म्हणून रिझर्वेशन आत्ताच करून टाका. इगतपुरी गेलं की दोघांना खिडकी द्या, घाटातले बोगदे मोजायला सांगा, ट्रिप तिथूनच सुरू होते. पावणेअकराच्या सुमारास सीएसएमटीला उतराल, तर बाहेर पडल्या पडल्या टॅक्सीमागे धावू नका. स्टेशनच्या इमारतीच्या गेटवर दोन खांब आहेत, एकावर दगडी सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्रजांचा, वाघ आपला. मुलांना ते शोधू दे, मग भिंतींवर कोरलेले मोर, माकडं वगैरे. १८७८ ला काम सुरू होऊन दहा वर्षं लागली ही इमारत बांधायला हे लेकीला सांगा, पाच वर्षांच्याला वाघच पुरे.

लॉज शक्यतो स्टेशनच्या आसपासच घ्या. दुपारी जेवून चक्क झोपवा दोघांना. ताई, हे टाळू नका, दुपारी न झोपलेलं पाच वर्षांचं पोर संध्याकाळी सगळ्यांची ट्रिप संपवतं. चारच्या पुढे ११५ नंबरच्या एसी डबल डेकरने एनसीपीएकडे (नरिमन पॉइंटचं नाट्यगृह) जा (जुन्या लाल डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, आता या इलेक्ट्रिक आहेत), वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळत नसेल तर ती बस सोडून पुढची घ्या. उतरलं की मरीन ड्राइव्ह, कठड्यावर बसून सूर्यास्त, भेळ, बास. परत येताना सीएसएमटीवरची लायटिंग लागलेली असते, समोरच महापालिकेच्या बाजूने छान दिसते.

दुसऱ्या दिवशी फक्त राणीची बाग. साडेनऊला उघडते. सकाळी सगळी गर्दी सीएसएमटीकडे येत असते, तुम्ही उलट्या दिशेने भायखळ्याला जाणार म्हणून लोकल बऱ्यापैकी रिकामी मिळते, स्लो पकडा, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. धाकट्याचं वय टीसीने विचारलं तर पाच पूर्ण झाले असतील तर अर्धं तिकीट लागतं. पूर्वेला उतरून चालत पाच-सात मिनिटं. आम्ही गेलो तेव्हा आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांचं फॅमिली तिकीट होतं. आधी थेट पेंग्विन गाठा, अकरानंतर रांग वाढत जाते. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्याकडचे. आमचा धाकटा काचेला नाक लावून उभा, आतून एक पेंग्विन पाण्यातून सुळकन त्याच्या नाकासमोरून गेला आणि हा श्वास घ्यायचाच विसरला, काचेवर नाकाचा गोल ठसा उरला होता.

गेटजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती आहे, तो नक्की दाखवा. मूळचा तो घारापुरी बेटावरचा, पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरूनच. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला, तुकडे जोडून इथे उभा केलाय. मुलीला जोडल्याच्या खुणा शोधायला लावा.

दुपारी परत, जेवण, सामान, आणि सव्वासहाची पंचवटी. कसाऱ्याला गाडी ढकलायला मागून इंजिनं लावतात, हलकासा धक्का बसतो, मुलं जागी असली तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : नातीला (वय ६) एलिफंटाला न्यायचंय. माझं वय ७१, गुडघे कुरकुरतात. जमेल का?
– एक आजोबा, पुणे

उत्तर : काका, जमेल, पण त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेहून बोटीला साधारण तास लागतो, जेट्टीपासून पायऱ्यांपर्यंत टॉय ट्रेन आहे, नात खूश होईल. पुढे मात्र शंभर-सव्वाशे पायऱ्या आहेत, डोलीवाले मिळतात, संकोच न करता बसा. बोटीत चढल्या चढल्या लाइफ जॅकेट दोघांनी घाला, डिसेंबर २०२४ चा एलिफंटाच्या बोटीचा अपघात आठवून तरी, उकडतं म्हणून काढू नका. वर माकडं फार आहेत, हातात बिस्किटाचा पुडा दिसला की ओढतातच, खाऊ बॅगेत ठेवा. हिवाळ्यात बोटीमागे कुरव (सीगल) पक्ष्यांचा थवा लागतो, लोक वेफर्स, गाठी फेकतात, नातीला तेवढं करू देऊ नका, त्यांच्या पोटाला ते खाणं नव्हे. नुसतं बघायलाही खूप मजा येते. आणि गुडघ्यांनी अगदीच नाही म्हटलं तर गेटवेहूनच अर्ध्या तासाची बोटीची फेरी असते, सहा वर्षांच्या मुलीला समुद्रात जाऊन आल्याचं समाधान तिच्यातही मिळतं.

प्रश्न : मुलगा म्युझियममध्ये दहा मिनिटांत कंटाळतो. न्यावं की नको?
– एक बाबा, ठाणे

उत्तर : न्या, पण सगळं म्युझियम बघायचंच नाही असं ठरवून न्या. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराची ढाल, भुसा भरलेले प्राणी-पक्षी आणि आवारातलं मुलांचं म्युझियम, एवढंच. तासाभरात बाहेर पडा, तो 'अजून थोडा वेळ' म्हणत असेल तरीसुद्धा.